आडनाव राहू दे

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेबाराला आला. मी जागाच होतो. तीनदा वाचला. त्या कास्टिंगवाल्यांनी तुला तीन गोष्टी सांगितल्या: आडनाव काढून नुसतं नाव ठेव, पुढचा चढलेला दात सरळ करून घे, आणि बोलण्यातला गावाकडचा हेल घालव. आणि तू मला विचारतोस, "काका, आधी कशापासून सुरुवात करू?"

कशापासूनच नको. आडनाव राहू दे.

तू गुणी आहेस, मेहनती आहेस, हे मी लिहीत बसणार नाही. ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. त्यापेक्षा एका माणसाबद्दल सांगतो. तालमीत मी त्याचं नाव बऱ्याचदा घेतलंय, पण तुम्ही पोरं तेव्हा मोबाइलमध्ये असता.

पीट पॉसलथ्वेट, इंग्रज नट. इंग्रजीत लिहिलं तर नुसतं आडनावच 13 अक्षरांचं, आणि त्यातला पहिला 'टी' उच्चारायचाच नाही. 1946 साली वॉरिंग्टनला जन्मला, लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधलं कामगारांचं गाव. बाप लाकडी पिंपं बांधणारा, पुढे एका शाळेची देखभाल बघायचा. कॅथलिक घर, चार भावंडांत हा शेंडेफळ. आधी पाद्री व्हायचं मनात होतं. मग शिक्षक झाला, पोरांना नाटक शिकवलं, आणि चोविसाव्या वर्षी ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. तू चोवीसचाच आहेस ना? 'आधीच उशीर झालाय' असं तू लिहिलंयस. ती ओळ मी वाचलीच नाही असं समज.

आडनाव बदल, असं त्यालाही सुचवलं होतं. एवढं लांब नाव थिएटरबाहेर दिव्यांनी लावायचं तर विजेचं बिल कोण भरणार, अशी थट्टाही व्हायची. त्याने बदललं नाही. आणि चेहरा? फोटो शोध आत्ता. गालाची हाडं वर, गाल खोल गेलेले, नाक जसं काही कुणी ठोसा मारून बसवलेलं. तुझ्या त्या ऑफिसात हा गेला असता तर दातापासून कपाळापर्यंत यादी दिली असती त्याला.

सुरुवात लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये. होप स्ट्रीटवर जुन्या प्रार्थनागृहाच्या इमारतीत ते थिएटर होतं. सत्तरच्या दशकात तिथे जमलेली मंडळी बघ: जोनाथन प्राइस, ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, अँटनी शेर. तेव्हा यांतलं कुणीच कुणी नव्हतं. 1977 साली दिग्दर्शक रिडली स्कॉटचा पहिला सिनेमा आला, 'द ड्युएलिस्ट्स'. त्यात पीटला काय काम होतं माहीत आहे? जनरलची दाढी करणारा माणूस. वय 31. तू दोन ओळींच्या पोस्टमनच्या भूमिकेवरून मला केवढा मोठा परिच्छेद लिहिलास!

मग 1988. टेरेन्स डेव्हिसचा 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज'. लिव्हरपूलचं एक कामगार कुटुंब, आणि त्यातला बाप म्हणजे पीट. हा सिनेमा तुला बघायलाच हवा, म्हणून एक जागा नीट सांगतो. नाताळची रात्र आहे. पोरं झोपलीयत. बाप हळूच येतो, भेटींचे मोजे त्यांच्या पलंगाला अडकवतो, त्यांच्याकडे बघतो. त्या बघण्यात एवढी माया आहे की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. पुढच्या प्रसंगात नाताळचं ताट मांडलंय, पोरं टेबलाशी बसलीयत, आणि हाच माणूस एका हिसक्यात टेबलक्लॉथ ओढतो. सगळं जेवण जमिनीवर. मग बायकोला हाक मारतो, हे उचल म्हणून. दोन्हीकडे चेहरा तोच. एकही रेष बदललेली दिसत नाही, आणि तरी माणूस पुरता बदललेला असतो. ते काम गुळगुळीत चेहऱ्याचं नव्हे रे! त्या खोल गेलेल्या गालांत माया आणि दहशत एकाच वेळी मावत होती. त्याने ते गाल भरून घेतले असते तर?

आता माझं सांगतो. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

1983 साली मला मुंबईत पहिलं व्यावसायिक नाटक मिळालं. निर्माते म्हणाले, आडनाव जाहिरातीत बरं दिसत नाही. बरं दिसत नाही म्हणजे काय, ते मला कळलं होतं. आपल्याकडे आडनावावरून माणसाचं काय काय मोजतात, ते तुला सांगायला नको. तुझ्याही बाबतीत तेच झालंय, तू फक्त लिहिलेलं नाहीस. मी मान डोलावली. नावापुढे गावाचं नाव जोडून छानसं 'कर' लावून दिलं त्यांनी. पुढच्या महिन्यात अण्णा, माझे वडील, एसटीने रात्रभर प्रवास करून प्रयोगाला आले. सकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी पेपर घेतला, जाहिरातीचं पान उघडलं, आणि नावांवरून बोट फिरवायला लागले. वरून खाली. मग पुन्हा वरून खाली. शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे आपणच नीट वाचलं नाही असं वाटलं त्यांना. मला म्हणाले, "बघ रे, कुठं आहे तुझं?" मी एका नावावर बोट ठेवलं. ते वाचलं त्यांनी. काही बोलले नाहीत. पेपराची घडी केली, पिशवीत ठेवला, आणि मला म्हणाले, चहा गार होतोय.

म्हणून सांगतोय. आडनाव राहू दे.

हेलाचं मात्र नीट समजून घे, नाहीतर उद्या कुठल्याही भूमिकेत गावचीच बोली लावशील आणि काकांनी सांगितलं म्हणशील. भूमिकेसाठी बोली बदलणं हे आपलं कामच आहे. पीटने 'द यूज्वल सस्पेक्ट्स'मध्ये कोबायाशी नावाचा वकील केला. नाव जपानी, नट इंग्रज, आणि उच्चार असे की कुठले ते सांगता येत नाही. 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये तो बेलफास्टचा जुझेप्पे कॉनलन झाला. 1974च्या गिल्डफर्ड बॉम्बस्फोटांच्या प्रकरणात पोराबरोबर निरपराध बापही तुरुंगात गेला आणि तिथेच मेला, ती खरी गोष्ट. पोराचं काम करणारा डॅनियल डे-लुईस त्याच्याहून फक्त 11 वर्षांनी लहान. तरी बापच वाटतो. त्या कामाला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा पीट अठ्ठेचाळिशीच्या उंबऱ्यावर होता. तेव्हा बोली बदल, चाल बदल, वय बदल, हवं तर टक्कल कर. पण ते त्या माणसासाठी, त्या अडीच तासांपुरतं. लाजेपोटी बदललेलं परत मिळत नाही. प्रयोग संपल्यावर मेकअप उतरवतो तसं ते उतरत नाही. माझा हेल गेला तो गेलाच. आता गावी गेलो की चुलतभाऊ माझ्याशी पाहुण्यासारखं बोलतो.

'ब्रास्ड ऑफ' बघ. त्यात खाण बंद पडत चाललीय, आणि खाणकामगारांच्या बँडचा हा म्हातारा मास्तर फुप्फुसात कोळसा साठून मरायला टेकलाय. उत्तर इंग्लंडच्या कामगार वस्तीत वाढलेला माणूस तसाच उभा राहतो, ते शिकवून येत नाही. पुढे स्पीलबर्गने त्याला 'द लॉस्ट वर्ल्ड'मध्ये घेतलं आणि जगातला सर्वांत चांगला नट म्हटलं. ते कौतुक मी तुला सांगून टाकलं, पण माझ्या दृष्टीने ती त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट नव्हे.

मोठी गोष्ट 2008ची. लिव्हरपूल त्या वर्षी युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. एवढं नाव झालेला, साठी ओलांडलेला माणूस शेक्सपिअरचा 'किंग लियर' करायला निघाला, आणि तो उभा राहिला कुठे? जिथून सुरुवात केली त्याच एव्हरीमनमध्ये. लंडनला तो प्रयोग नंतर गेला. समीक्षकांत दोन मतं पडली; पडू देत. लियर कुणाचा पूर्ण झालाय! पण ज्या रंगमंचावर आपण कुणीच नव्हतो, तिथेच जाऊन राजा व्हायचं, यात काय आहे ते मला शब्दांत सांगता येत नाही. ते आठवलं की गळा दाटतो.

मी सांगलीला परत आलो तेव्हा लोक म्हणाले, मुंबईत जमलं नाही. म्हणू देत. 1991 साली मी एका नाटकाला अट घातली: माझं पूर्ण नाव छापा, नाहीतर दुसरा माणूस बघा. त्यांनी दुसरा माणूस बघितला. त्या नाटकाचे पुढे शेकड्यांनी प्रयोग झाले, आणि त्यातला एकही माझा नाही. तुझी काकू अजून म्हणते, तेवढं ऐकलं असतं तर घराचे हप्ते लवकर फिटले असते. तिचं खरंही आहे. तरी मी चुकलो असं म्हणणार नाही. चूक आठ वर्षं आधी केली होती, चहाच्या टपरीच्या आधी. पुढच्या नाटकात पूर्ण नाव छापून आलं, पण तोवर अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली होती. ती जाहिरात मी कुणाला दाखवणार होतो?

तू म्हणशील, काका, आडनाव ठेवून पीट मोठा झाला, पण आडनाव ठेवून उपाशी राहिलेले किती असतील? असतील. बरेच असतील. काम न मिळण्याची भीती मी घालवू शकत नाही, आणि खोटा धीर देणार नाही. पण आडनाव टाकूनही उपाशी राहिलेले मी डोळ्यांनी पाहिलेत, त्यांच्याबरोबर दादरला एका खोलीत राहिलोय. त्यांच्याकडे काम नव्हतंच, आणि गावाहून पत्र आलं की पोस्टमनला पत्ता सापडायचा नाही, कारण दारावर दुसरंच नाव होतं.

पीट 2 जानेवारी 2011ला गेला, कर्करोगाने, वय 64. शेवटच्या वर्षीसुद्धा काम करत होता. 'इन्सेप्शन'मध्ये अंथरुणाला खिळलेला बाप त्यानेच केलाय. तो सिनेमा तू पाहिला असशील, आणि हा कोण म्हातारा म्हणून विचारलंही नसशील.

आता काम सांगतो. शनिवारची दातांच्या डॉक्टरची वेळ रद्द कर. दात दुखत असेल तरच जा. सोमवारी ऑडिशनचा फॉर्म भरशील त्यावर नाव पूर्ण लिही. तुझं, मधे वडिलांचं, मग आडनाव. अक्षर नीट काढ. आणि त्या फॉर्मचा फोटो आधी घरी पाठव, मला नंतर पाठवलास तरी चालेल.

तुझा,
काका