अडीच लाखांत दोघांचा युरोप होतो का? टूर कंपनी बरी की आपलं आपण?

होतो. पण अडीचमध्ये ओढाताण होईल, आमचे २०२३ ला पावणेतीन लाख गेले.

तुम्ही कोल्हापूरचे, नवरा-बायको दोघंच, पंधरा दिवस, स्वित्झर्लंड घ्यावं का, हे सगळं वाचलं. पण मी लिहायला बसलोय ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळं: ‘पाहुणे म्हणतात, पहिल्यांदा जाताय तर टूरनंच जा, आपलं आपण जमत नाही.’ असा एक पाहुणा माझ्याकडंही आहे. साडू.

साडू २०१९ ला टूरनं जाऊन आले. अकरा दिवस, सात देश. निघायच्या आधी आम्ही त्यांना जेवायला बोलावलं होतं, तेव्हा माझ्या वडिलांनी एकच काम सांगितलं. फ्लोरेन्सला जाताय तर आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या छत्रीचा, म्हणजे स्मारकाचा, एक फोटो काढून आणा. (शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम ते वेगळे. हे त्यांच्या आधीचे. इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तिथं तेव्हा दहनाची पद्धत नव्हती, म्हणून खास परवानगी काढून रात्री नदीकाठी अग्नी दिला. चार वर्षांनी त्याच जागी छत्री उभी राहिली. कोल्हापुरात दहा जणांना विचारा, आठ जणांना माहीत नसतं.)

साडू ‘नक्की’ म्हणाले आणि आले ते पिसाच्या मनोऱ्याचं फ्रिजला चिकटवायचं मॅग्नेट घेऊन. फ्लोरेन्सला म्हणे बस एका टेकडीवर वीस मिनिटं थांबली, सगळ्यांनी वरूनच गावाचा फोटो काढला, मग दाल-मखनी खायला नेलं. छत्रीचं विचारलं तर टूर मॅनेजर म्हणाला, कार्यक्रमात नाही. वडील काही बोलले नाहीत. मी बोललो. त्यावर साडूंनी भरल्या ताटावर ऐकवलं, ‘तुम्ही जाऊन दाखवा की आपलं आपण. व्हिसासुद्धा मिळायचा नाही.’

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, बायको शाळेत शिक्षिका. मध्ये कोरोना आला, त्यामुळं दाखवायला २०२३ उजाडलं. भाऊबीज उरकली आणि महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठली. जाताना रोमचं विमान, येताना प्रागहून. हे लक्षात ठेवा: ज्या गावात उतरलात तिथूनच परत यायचं ठरवलंत तर दोन दिवस आणि रेल्वेचं भाडं निव्वळ वाया. दोघांचं विमान ९८ हजार पडलं. नोव्हेंबर होता म्हणून. मे महिन्यात हा आकडा विसरा.

व्हिसा मिळाला. एजंटाला एक रुपया न देता. जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथं आधी उतरणार तिथं. आमच्या सहा रात्री इटलीत होत्या, म्हणून इटली. फी तेव्हा माणशी ८० युरो होती, जून २०२४ पासून ९० झाली. ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतो. आयटीआर, माझं जीएसटी, बायकोच्या शाळेचं ना-हरकत पत्र, बँकेचं स्टेटमेंट. आणि एक करू नका: अर्जाच्या आधी आठ दिवस मेव्हण्याकडून दोन लाख खात्यात फिरवून घेणं. स्टेटमेंटमध्ये ते लगेच उघडं पडतं. व्हिसा, सर्व्हिस चार्ज, विमा धरून २३ हजार झाले.

रोमचं काय सांगू, ते सगळ्यांनी सांगितलेलंच असतं. रोमहून फ्लोरेन्सला वेगवान गाडीनं दीड तास लागतो आणि तिकीट महिनाभर आधी काढलं तर स्वस्त पडतं. साध्या रीजनल गाडीचं भाडं मात्र कधीही काढा, तेवढंच. फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारायचा, नाहीतर तिकीट असून दंड.

फ्लोरेन्समध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्टेशनजवळून ट्राम धरली आणि कास्चिने बागेपाशी उतरलो. मला वाटलं, आलीच छत्री. बाग आर्नो नदीच्या कडेनं लांबच लांब, आणि छत्री अगदी पश्चिमेच्या टोकाला. बायको नवीन बूट घालून आली होती. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, ‘साडूंची बस इथं आली असती तर बरं झालं असतं.’ मी गप्प. पळायला आलेली माणसं, कुत्री फिरवणाऱ्या बायका, झाडांची पिवळी पानं, आणि पावणेपाचला ऊन गेलं. (नोव्हेंबरचा स्वस्ताईचा हा तोटा. पाचला अंधार.)

मग दिसली. डोक्यावर नक्षीदार घुमट, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, पागोटं, दागिने, कोवळा चेहरा. पलीकडं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. आपल्या प्रयाग चिखलीच्या संगमाची आठवण झाली. जवळच मोठा पूल आहे, त्याचं नावच पोन्ते आल्लिंदियानो, म्हणजे भारतीयाचा पूल. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात, आणि तो ‘भारतीय’ आमच्या गावचा! आम्ही अर्धा तास तिथंच बसलो. कुणी घड्याळ दाखवलं नाही, कुणी झेंडा हलवून बोलावलं नाही. पाठीवरच्या पिशवीत दिवाळीचा चिवडा होता, तो खाल्ला.

त्या चिवड्याचंही सांगतो. आईनं बेसनाचे लाडू, तूप, कंदी पेढे सगळं बांधलं होतं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून न्यायला बंदी आहे, म्हणून मी ते काढायला लावलं. ती दोन दिवस बोलली नाही. चिवडा, चकली, भडंग, कांदा-लसूण चटणी गेली. व्हिएन्नात स्वयंपाकघर असलेली खोली घेतली आणि खिचडी लावली. जेवणाचा खर्च अर्ध्यावर येतो तो असा. इटलीत कॉफी उभ्यानं प्या, टेबलावर बसलात की दर बदलतो. पाणी विकत घेऊ नका. रोममध्ये रस्त्यावर नळ वाहतात आणि व्हिएन्नाच्या नळाला थेट आल्प्सचं पाणी येतं.

फ्लोरेन्सहून व्हिएन्नाला रात्रीची गाडी आहे, आमचा सहा बर्थचा कप्पा होता. महालक्ष्मीची सवय असलेल्या माणसाला त्यात काही नवीन नाही, पण हॉटेलची एक रात्र वाचते. युरेल पासच्या (एकाच पासवर युरोपभर रेल्वे) नादाला लागू नका. चारच प्रवास असतील तर सुटी तिकिटं आधी काढलेली बरी, शिवाय इटलीत पास असूनही वेगवान गाडीचं आरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं. प्रागला युरो नाही, कोरुना चालतो. कार्ड मशीन ‘रुपयांत घेऊ का’ विचारेल. नाही म्हणा. तिथलंच चलन निवडा, नाहीतर दरात कापतात.

राहणं ७० हजार, रेल्वे २० हजार, खाणं-ट्राम-तिकिटं ६४ हजार. वरचे दोन आकडे मिळवा, पावणेतीन येतात. साडूंच्या टूरचे २०१९ लाच दोघांचे सव्वाचार लाख गेले होते, शॉपिंग वेगळं.

फोटो वडिलांना दाखवला. चष्मा पुसून बराच वेळ बघितला आणि विचारलं, ‘हार घातलास काय?’ म्हटलं, नाही. ‘मग कशाला गेलतास?’

आता खरं बोलायचं तर दोन गोष्टी. बरोबर सत्तरीतले आई-वडील असतील, किंवा शाकाहारी जेवणावरून रोज भांडण होणार असेल, तर टूर घ्या, मी काही म्हणणार नाही. रोज सात-आठ किलोमीटर चालणं होतं आणि बॅगा जिन्यावरून आपल्यालाच चढवाव्या लागतात. दुसरं, रोममध्ये गर्दीत बायकोच्या पर्समधून ६० युरो गेले. पासपोर्ट माझ्या पोटाला बांधलेला होता म्हणून निभावलं. हे साडूंना अजून माहीत नाही, आणि ते मराठीत फारसं वाचत नाहीत म्हणूनच इथं लिहितोय.

स्वित्झर्लंडचं मला विचारू नका. महाग आहे म्हणून आम्ही वगळलं. ते साडूंनी बघितलंय. बसच्या डाव्या बाजूचं तरी.