किशोरवयीन मुलांना जगाचा इतिहास ख्रिस्ती दृष्टिकोनातून कसा शिकवावा?

तुमची मुलं १४ आणि १६ वर्षांची. शाळेत वसाहती, गुलामगिरी, धर्मयुद्धं हे सगळं येतं, तेच घरी ख्रिस्ती नजरेतून कसं शिकवायचं आणि पुस्तक कोणतं घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. पुस्तकाचं शेवटी बघू. आधी माझी चूक सांगतो.

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात मी अकरा वर्षं नववी-दहावीच्या मुलांना धर्मशिक्षण दिलं. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर), हॉलमध्ये, तासाभराचा वर्ग. ख्रिस्तसभेचा इतिहास माझ्याकडे असायचा. रोमन छळ, ख्रिस्ती धर्माला मोकळीक देणारं रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं ३१३ सालचं फर्मान, मग मठ, विद्यापीठं, इस्पितळं आणि थेट मदर तेरेसा. अडचणीचं जे जे होतं, ते मी गाळत होतो.

एका रविवारी एक मुलगा मोबाइल घेऊन पुढे आला. शाळेच्या ग्रुपवर गोव्यातल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, मेसेज फिरत होता आणि खाली कोणीतरी त्याचं नाव घेऊन लिहिलं होतं, "तुझ्या बापजाद्यांनी केलं हे." त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, हे खरं आहे का?" मी म्हणालो, "असल्या फॉरवर्डवर विश्वास ठेवायचा नाही. पुढचं पान काढा." त्याने मोबाइल खिशात टाकला आणि पान काढलं. तास संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झालं आणि तो चर्चमध्ये दिसेनासा झाला.

खरं तर होतंच. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्याच्याही आधीपासून देवळं पाडली जात होती. पण न्यायासनासमोर जे उभे केले जात, त्यांत मोठा भरणा बाप्तिस्मा घेतलेल्यांचाच असे. घरात जुने रीतिरिवाज गुपचूप पाळतात, हा त्यांच्यावरचा आरोप. वसईही तेव्हा पोर्तुगीजांचीच होती. म्हणजे त्या पोराचे बापजादे खुर्चीवर बसणाऱ्यांत नव्हते, भीतीने दार लावून घेणाऱ्यांत असण्याचीच शक्यता जास्त. मी खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायला त्याच्याकडे उत्तर असतं. मी ते त्याला दिलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी मी सुरुवातच वेगळी केली. १५११ साल, आगमनकाळातला, म्हणजे नाताळाआधीचा चौथा रविवार, कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावरचं सांतो दोमिंगो. समोर बडे स्पॅनिश वतनदार आणि खुद्द कोलंबसचा मुलगा, बेटाचा गव्हर्नर. आंतोनिओ दे मोंतेसिनोस हा डोमिनिकन संघाचा धर्मगुरू बेटावरच्या मूळ रहिवाशांबद्दल त्यांना प्रवचनात विचारतो, ही माणसं नाहीत का? यांना आत्मा नाही का? लोक खवळले, शब्द मागे घे म्हणाले. पुढच्या रविवारी त्याने तेच पुन्हा सांगितलं. त्याच वसाहतीतला बार्तोलोमे दे लास कासास स्वतः धर्मगुरू असून मूळ रहिवाशांना राबवून घेत होता. त्याला ते सोडायला १५१४ उजाडलं. आणि सोडल्यावरही, या लोकांचे हाल थांबावेत म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणा, असं त्यानेच सुचवलं. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला आणि तोही त्याने लिहून ठेवला.

"सर, मग हा माणूस चांगला की वाईट?" एका मुलीने विचारलं. मी फळ्यावर दोन रकाने आखले. पाऊण तास पोरं भांडत होती, शेवटी पुढच्या वर्गाची मुलं दारात येऊन उभी राहिली. अकरा वर्षांत असा तास झाला नव्हता.

चर्चच्या समितीवरचे एक ज्येष्ठ, स्वतः निवृत्त मुख्याध्यापक, मला म्हणाले, "आपल्यावर बोलायला बाहेरचे कमी आहेत का? तू घरातूनच दारूगोळा कशाला पुरवतोस?" मी म्हटलं, मिस्साच्या सुरुवातीला आपण छातीवर हात मारून अपराध कबूल करतो, तो काय फक्त स्वतःपुरता? १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जगासमोर क्षमा मागितली. त्यावर त्यांचं उत्तर, "पोप रोममध्ये आहेत. आपण इथे मूठभर आहोत." तीन वर्षं हा वाद चालला आणि शेवटी वर्ग दुसऱ्याकडे गेला.

माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. ख्रिस्ती दृष्टिकोन म्हणजे आपल्या माणसांची वकिली नव्हे. पापनिवेदनाला बसल्यावर आपण "तेव्हा सगळेच तसं करत होते" असं म्हणत नाही, शेजाऱ्याची पापंही मोजत नाही. काय केलं ते नाव घेऊन सांगतो. इतिहासही तसाच शिकवा. १०९९ साली धर्मयुद्धाच्या ख्रिस्ती फौजांनी जेरुसलेममध्ये मुसलमानांची आणि ज्यूंची कत्तल केली, ती सांगा. १२०४ साली धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिस्ती फौजांनी कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटलं, तेही सांगा. १४५२ साली पोर्तुगालच्या राजाला गुलाम करण्याची मुभा देणारा एक पोप होता आणि १५३७ साली अमेरिकेतल्या रहिवाशांना गुलाम करता येणार नाही असं बजावणारा दुसरा. ही दोन्ही सालं वहीत शेजारी शेजारी लिहायला लावा आणि मधल्या ८५ वर्षांत काय घडलं ते मुलांनाच शोधू द्या.

आता पुस्तक. वेगळं घेऊ नका. शाळेचंच वापरा, बाजूला बायबल आणि एक कोरी वही ठेवा.

त्या ज्येष्ठांचं एक मात्र मान्य करायला हवं, त्यांची भीती खोटी नव्हती. शाळेत टोमणे मुलांनाच ऐकावे लागतात, तुम्हाला-मला नाही. म्हणून धाकट्याला एकदम सगळं सांगू नका. त्याला कोण काय म्हणतं, ते आधी विचारून घ्या. आणि तो मोबाइल पुढे करून "हे खरं आहे का?" म्हणाला, तर हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्याबरोबर तो मेसेज पूर्ण वाचा. उत्तर येत नसेल तर पुढच्या रविवारी सांगतो म्हणा, आणि त्या रविवारी सांगा.