हायड्रोजेल शिकून पुढे काय?

नमस्कार भाऊ,

दारव्हा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र. पेशी हायड्रोजेलमध्ये कशा शिरतात, यावर तिला संशोधन करायचंय. नातेवाईक म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. आणि तुम्ही विचारलंय, "कृषी केंद्रात मिळते ते हायड्रोजेल अन् हिचं हायड्रोजेल एकच काय?"

गोत एकच, काम वेगळं. वावरात मुळाशी टाकतात ते पुसा हायड्रोजेल पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू पिकाला देतं. मुलीच्या विषयातलं जेल कोलॅजन (कातडी-हाडांतलं प्रथिन), त्यापासून बनणारं जिलेटिन, समुद्री शेवाळातून मिळणारं अल्जिनेट अशा पदार्थांचं असतं. त्यातही बहुतेक पाणीच, पण त्याच्या जाळीत माणसाच्या पेशी वस्तीला याव्या लागतात. भाजलेली कातडी किंवा हाडातली पोकळी भरायची तर आजूबाजूच्या पेशी आत सरकल्या पाहिजेत, रक्तवाहिन्याही आत वाढल्या पाहिजेत. कारण रक्तवाहिनीपासून साधारण 100 ते 200 मायक्रोमीटरच्या (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पलीकडे पेशींना पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही.

पेशी सरकते कशी, ते बघा. ती पुढचा भाग लांबवते, जाळीच्या धाग्याला पकडते आणि मागचं अंग ओढून घेते. अडकतं ते केंद्रक, कारण पेशीतला तो सगळ्यात कडक भाग. छिद्र फारच लहान असेल तर पेशी विकरं (एन्झाइम) सोडून जाळी कातरते. कोलॅजनमध्ये हे जमतं. अल्जिनेट मात्र आपल्या पेशींना कातरता येत नाही, आणि धरायलाही त्यात काही नसतं. म्हणून पकडीसाठी त्याला प्रथिनाचे छोटे तुकडे जोडतात. जाळी फार घट्ट झाली तर पेशी बाहेरच राहतात, फार सैल झाली तर जेल टिकत नाही. हा मेळ बसवायला रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र दोन्ही लागतात, आणि तुमच्या मुलीकडे दोन्ही आहेत. तिची निवड मला मनापासून पटली.

आता तुमची खरी काळजी, वर्षं आणि पैसा. एम.एस्सी.ची दोन वर्षं, पीएच.डी.ची साधारण पाच. नुसत्या एम.एस्सी.वर थांबली तर या विषयात नोकऱ्या थोड्या आणि पगार बेताचे, हे आधीच धरून चला. पण नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधन करणाऱ्यांची फेलोशिप) मिळाली की पीएच.डी.त महिना 37,000 रुपये फेलोशिप मिळते, घरभाडं वेगळं. म्हणजे घरच्या खिशावर भार आहे तो मुख्यतः एम.एस्सी.पर्यंतच. बी.एड. वाईट नाही, पण ते एम.एस्सी.नंतरही करता येतं.

एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीसाठी तिने तिसऱ्या वर्षात जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी. फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, परीक्षा फेब्रुवारीत. आयआयटी मुंबईचं दार त्यातूनच उघडतं. सोबत गॅट-बी ही बायोटेक्नॉलॉजीची प्रवेश परीक्षा द्यावी, म्हणजे इतर विद्यापीठांचीही सोय होते. पीएच.डी.साठी पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहेत. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संशोधन संस्था तर तिने नक्की डोळ्यासमोर ठेवावी. भारतीय बनावटीची हृदयाची कृत्रिम झडप तिथेच तयार झाली.

मला धाकधूक आहे ती गणिताची. जॅमच्या या पेपरात बारावीच्या पातळीचं गणित आणि भौतिकशास्त्रही विचारतात. बारावीला गणित सोडलं असेल तर आत्तापासून रोज तासभर द्यावाच लागेल. दुसरं, फिजी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सूक्ष्मदर्शकाने दर काही मिनिटांनी टिपलेल्या चित्रांवरून पेशी किती सरकली, हे त्यात मोजता येतं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ती हे शिकू शकते. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप असते, तिचाही अर्ज भरावा. दोन महिने प्रयोगशाळेत काढले की हे काम आपल्याला झेपतं का, ते तिचं तिलाच कळेल. वाढवलेल्या पेशींना बुरशी लागली की महिन्याभराची मेहनत वाया जाते, तेही तिथेच दिसेल.

जॅमच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेबसाइटवर आहेत. त्यातली एक तिला घड्याळ लावून सोडवू द्या आणि गणिताचे किती प्रश्न सुटले ते कळवा. त्यावरून पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक आखून देतो.