नवा राऊटर घ्यायच्या आधी वॅन आयपी बघ

गोडोलीच्या मित्रा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. माइनक्राफ्टचा जावा सर्व्हर घरच्या पीसीवर चालतोय, राऊटरमध्ये २५५६५ पोर्ट फॉरवर्ड केलाय, म्हणजे बाहेरून त्या नंबरवर येणारं पीसीकडे पाठवायला सांगितलंय, विंडोज फायरवॉललाही सांगितलंय, तरी कराडच्या मित्राला ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येतंय. आता तू नवा राऊटर घ्यायला निघालायस. घेऊ नकोस. चार वर्षांपूर्वी मी इथं सांगलीत, विश्रामबागेत, पोरासाठी सर्व्हर लावताना नेमका याच जागी अडकलो होतो.

फिक्स्ड लोकल आयपी वगैरे तू केलेलं स्क्रीनशॉटमध्ये दिसतंय, ते परत सांगत नाही. आधी राऊटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राऊटरला बाहेरच्या बाजूनं मिळालेला पत्ता, कागदावर लिही. मग आयपी दाखवणारी कुठलीही साइट उघड, व्हीपीएन असेल तर बंद करून. दोन आकडे वेगळे निघाले तर राऊटरमध्ये कितीही खटाटोप केलास तरी उपयोग नाही. वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस, म्हणजे नेट कंपनीनं बऱ्याच घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवलाय. काही ठिकाणी १० ने सुरू होणारा आकडाही दिसतो. १९२.१६८ दिसला तर कंपनीचा डबा आणि तुझा राऊटर असं दोनदा नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल, होतंय. मग कंपनीचा डबा ब्रिज मोडला (नुसतं पुढं पाठवायच्या कामाला) टाकून घे आणि वॅन परत बघ.

आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास. आपल्या आशिया विभागाचा मोकळा साठा २०११ मध्येच संपत आला, म्हणून कंपन्या कितीतरी घरं एकाच पत्त्यामागे बसवतात. अपार्टमेंटच्या गेटवर पार्सल आलं आणि त्यावर फ्लॅट नंबरच नाही, तर वॉचमन ते कुणाला देणार? तुझ्या मित्राची जोडणी तशी कंपनीच्या गेटवरूनच परत जाते, तुझ्या राऊटरपर्यंत येतच नाही.

हे मला कुणी सांगितलं नाही, याचा राग अजून आहे. मी नेटवाल्यांच्या ऑफिसात तीन चकरा मारल्या. काउंटरवरच्या माणसानं तिन्ही वेळा स्पीड टेस्ट काढून दाखवली आणि म्हणाला, “नेट तर फुल येतंय, तुमचा राऊटर जुना झालाय.” मी ३,२०० रुपयांचा नवा घेतला. तरी जमेना, म्हणून कुठंतरी वाचून त्यात डीएमझेड चालू केला, म्हणजे बाहेरून येईल ते सगळं थेट पीसीकडे. तरीही काही नाही. शेवटी ट्रकनं गल्लीतली फायबर तोडली, तेव्हा जोडायला आलेला पोरगा शिडीवरून उतरता उतरता म्हणाला, “काका, तुमच्याकडं पब्लिक आयपी कुठाय? अख्ख्या गल्लीला एकच हाय.” दीड महिन्याचं कोडं एका वाक्यात सुटलं.

स्टॅटिक आयपी, म्हणजे माझा एकट्याचा न बदलणारा पब्लिक पत्ता, घेतला, त्याच संध्याकाळी सर्व्हर दिसला. पण माझी खरी चूक इथंच झाली. डीएमझेड बंद करायचा राहून गेला. सीजीनॅटच्या मागे होतो तोवर त्यानं काही बिघडत नव्हतं. पब्लिक आयपी आला आणि पीसी उघड्यावर पडला. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचे हिशेब बघतो, त्यासाठी पीसीवर रिमोट डेस्कटॉप (दुरून पीसी वापरायची सोय) चालू होता. आठवड्यानं पीसी जड वाटला म्हणून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, तर ४६२५ नंबरच्या नोंदी, म्हणजे फसलेले लॉगिन, काही सेकंदांना एक. नावं ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’, ‘युजर’. हात थंड पडले. पासवर्ड मोठा होता म्हणून निभावलं. मालकाचा हिशेब त्यात होता. गेमसाठी डीएमझेडला हात लावू नकोस, हे माझं ठाम मत आहे. पोर्ट एकच उघड, आणि सर्व्हरची व्हाइटलिस्ट (यादीतल्या खेळाडूंनाच प्रवेश) चालू ठेव.

आता तुझ्यापुढचे रस्ते. ऑफिसात ‘नेट चालत नाही’ म्हणू नकोस, ‘मी सीजीनॅटमध्ये आहे, मला पब्लिक आयपी हवा’ एवढंच म्हण. दर ठिकाणानुसार बदलतो, आधी विचार. पैसे घालायचे नसतील आणि तीन-चारच मित्र असतील तर टेलस्केल घाल, म्हणजे सगळ्यांचे पीसी एका खासगी जाळ्यात जोडणारं अ‍ॅप, पोर्ट उघडायलाच लागत नाही. फक्त तेही पीसीला १०० ने सुरू होणारा आयपी देतं, त्यावरून गोंधळू नकोस. वॅन आयपी राऊटरमध्येच बघायचा. दोघांकडे आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, असेल तर तोही मार्ग आहे, फॉरवर्डिंग लागत नाही, पण राऊटरच्या फायरवॉलमध्ये पोर्ट मोकळा करावा लागतो.

पोर्ट तपासताना सर्व्हर चालू असू दे, नाहीतर सगळं बरोबर असूनही ‘क्लोज्ड’च दिसतं. आणि मित्राला त्याच्याच नेटवरून बघायला सांग. स्वतःच्या वायफायवरून स्वतःचा पब्लिक आयपी बऱ्याच राऊटरवर उघडत नाही.

मी या विषयात शिकलेला माणूस नाही, अंगावर आलं तेवढंच सांगतोय. तुझ्या राऊटरचा मेनू वेगळा असू शकतो. वॅन आयपी बघितलास की इथं टाक, पण टिंबांमधले पहिले दोनच आकडे, जसं १००.६४. पूर्ण आयपी टाकू नकोस.