सॅक्स पार्सरचे कॉलबॅक क्लासमध्ये नीट कसे बसवावेत?

जावामध्ये सॅक्स (एक्सएमएल फाइल क्रमाने वाचत जाऊन प्रत्येक घटनेला आपली मेथड, म्हणजे कॉलबॅक, बोलवणारा पार्सर) वापरताना, टॅग उघडला की बोलवल्या जाणाऱ्या स्टार्टएलिमेंटमधली इफ-एल्सची रांग वाढतच चालली आहे, दर टॅगला एक बूलियन लागतोय आणि मधूनच एखादं नाव अर्धवट येतं, असं तुम्ही विचारलं आहे. मी नवी मुंबईत महापेला न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरांच्या एक्सएमएल फाइली वाचणाऱ्या सिस्टीमवर काम करते, म्हणून उदाहरण तिथलंच देते.

पार्सर मागचं काहीच लक्षात ठेवत नाही. ठाणे-पनवेल लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन ऐरोली’ एवढंच ऐकू येतं, आपण कुठे चढलो ते आपणच ध्यानात ठेवायचं, तसंच हे. आमच्या फाइलीत ‘वजन’ हा टॅग कंटेनरच्या आत येतो आणि त्यातल्या मालाच्या आतही येतो. नुसत्या नावावर इफ लावला की दोन्ही वजनं एकाच जागी जातात. मग बूलियन येतात, आणि दोन बूलियन एकदम खरे झाले की चूक शोधता शोधता संध्याकाळ होते.

त्याऐवजी हँडलरांचा, म्हणजे एकेका टॅगचं काम सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टांचा, स्टॅक ठेवा (शेवटी ठेवलेला आधी निघतो अशी चळत). सॅक्सच्या डिफॉल्टहँडलर या तयार क्लासपासून बनवलेला मुख्य क्लास एकच, आणि त्याला टॅगांची नावं माहीतच नसावीत. टॅग उघडला की त्याने स्टॅकवरच्या सगळ्यात वरच्या हँडलरला विचारायचं, ‘या नावाचं मूल कोण सांभाळेल?’ जो ऑब्जेक्ट मिळेल तो स्टॅकवर ठेवायचा. टॅग बंद झाला की तो काढायचा आणि त्याची ‘संपलं’ ही मेथड बोलवायची. वजनाच्या हँडलरला बनवतानाच सांगायचं की आकडा कुठे द्यायचा: कंटेनरचा हँडलर त्याला कंटेनरचा सेटर देईल, मालाचा हँडलर मालाचा. वजनाच्या हँडलरचा क्लास एकच राहतो आणि बूलियन एकही लागत नाही.

अनोळखी टॅगसाठी नल देऊ नका. काहीच न करणारा हँडलर द्या, जो आपल्या मुलांसाठीही स्वतःलाच परत देतो. हे करायचं राहिलं तर फाइल पाठवणाऱ्याने एक नवा टॅग घातल्यावर स्टॅक सरकतो आणि पुढचं सगळं चुकीच्या जागी पडतं. मला या रचनेतला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अर्धवट नावाचं कारण वेगळं आहे. एकाच एलिमेंटचा मजकूर कॅरेक्टर्स या कॉलबॅकमधून तुकड्या-तुकड्यांनी येऊ शकतो. नावात अँपरसँड (&) असला की हमखास दिसतं. म्हणून तिथे फक्त स्ट्रिंगबिल्डरमध्ये जोडत जा आणि टॅग बंद होताना येणाऱ्या एंडएलिमेंटला वाचा. अ‍ॅट्रिब्यूट्सचा ऑब्जेक्टही जपून ठेवू नका, तो स्टार्टएलिमेंटच्या त्या कॉलपुरताच खरा असतो. हवी ती किंमत लगेच काढून घ्या. लोकलनेम (प्रीफिक्स वगळून टॅगचं नाव) रिकामं येत असेल तर पार्सर बनवणाऱ्या फॅक्टरीवर सेटनेमस्पेसअवेअर चालू करा. जुन्या कोडमध्ये डॉक्युमेंटहँडलर दिसला तर तो १९९८च्या सॅक्स १ मधला. २०००च्या सॅक्स २ पासून कंटेंटहँडलर वापरतात.

सॅक्सच वापरायची सक्ती नसेल तर जावातलाच एक्सएमएलस्ट्रीमरीडर हा दुसरा पार्सर बघा. मेमरी तितकीच कमी लागते, पण पुढची घटना आपण मागू तेव्हा मिळते. त्यामुळे एलिमेंटमागे एक मेथड लिहून तिच्यातून मुलाची मेथड बोलवता येते, आणि वर सांगितलेला स्टॅक हाताने सांभाळावा लागत नाही.