चोर सोडून संन्याशाला फाशी : गेमच्या सीडीचं कुलूप आणि तुमचे प्रश्न

चवथीच्या साफसफाईत यंदा कोणाच्या माळ्यावरून काय काय निघालं देव जाणे, पण या खेपेच्या पत्रांत निम्मी पत्रं गेमच्या सीड्या आणि कॉपी-क्रॅक यावरचीच आलीत, म्हणून हा अंक त्यालाच देऊन टाकतो. प्रिंटर आणि वायफायवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत जरा दम धरावा.

प्रश्न : माळा साफ करताना २००३ साली घेतलेली एका गेमची ओरिजनल सीडी सापडली. डबा, पुस्तिका, सिरियल नंबरचं स्टिकर सगळं शाबूत. घरात आता विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, त्याला सीडी ड्राईव्हच नाही, म्हणून मुद्दाम बाहेरून जोडायचा ड्राईव्ह आणला. गेम इन्स्टॉल झाली पण चालू करायला गेलो की नुसतं चक्र फिरतं आणि गप्प. भावाने त्याच वेळी म्हापशाच्या बाजारातून ५० रुपयांत याच गेमची कॉपी आणलेली, ती मात्र पहिल्या झटक्यात चालली. आता घरात सगळे मला हसतात. पैसे मोजले मी आणि खेळणार तो, हा कुठला न्याय? क्रॅक टाकू का?
एक वाचक, डिचोली

उत्तर : अहो पात्रांव, हसणाऱ्यांवर रागावू नका, हसण्यासारखंच आहे ते. तुमच्या सीडीला काही झालेलं नाही, झालंय ते तिच्या कुलपाला.

त्या काळच्या बऱ्याच गेमवर सेफडिस्क नाहीतर सेक्युरॉम नावाचं प्रोटेक्शन असायचं. सेफडिस्कची आयडिया अशी की सीडी बनवतानाच तिच्यावर काही जागा मुद्दाम अशा लिहायच्या की घरच्या बर्नरला त्या जशाच्या तशा उतरवता येऊ नयेत, मग गेम सुरू होताना आधी त्या जागा तपासणार, सापडल्या तर सीडी खरी नाहीतर दार बंद. ही तपासणी करायला विंडोजच्या अगदी पोटात बसणारा, ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम लागायचा आणि तो विंडोज एक्सपीत तर आयताच यायचा. पुढे २००७ मध्ये कळलं की त्या ड्रायव्हरलाच भोक आहे, त्यातून दुसऱ्याला तुमच्या मशीनचा पूर्ण ताबा मिळू शकतो. शेवटी २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने या जुन्या कुलपांना घरातच घेतलं नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने विंडोज ७ आणि ८ वरही तो ड्रायव्हर बंद करून टाकला. म्हणजे तुमची गेम अजूनही ‘खरी सीडी आहे का बघ रे’ म्हणून ज्याला हाक मारते तो रखवालदारच नोकरी सोडून गेलाय. भावाच्या कॉपीत ही हाक मारणारी ओळच कोणीतरी काढून टाकलेली, यालाच क्रॅक म्हणतात, म्हणून तिला रखवालदार असला काय नसला काय.

आमच्याकडे याला म्हण आहेच, चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि फाशीवरून आठवलं, १९९० च्या मंकी आयलंड गेमसोबत पुठ्ठ्याची एकात एक फिरणारी दोन चाकं यायची, त्यावर समुद्री चाच्यांचे अर्धे अर्धे चेहरे. स्क्रीनवर जो चेहरा दिसेल तो चाकं फिरवून जुळवायचा आणि या चाच्याला अमुक बेटावर कुठल्या साली फाशी दिली ते टाईप करायचं, तरच गेम पुढे जाणार. प्रिन्स ऑफ पर्शियात पुस्तिकेतलं ठरावीक पान, ठरावीक ओळ, ठरावीक शब्द शोधून त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्यायची, चुकीची प्यायली की भोगा. आमच्या कॉलेजात त्या पुस्तिकेचा झेरॉक्स नोट्सच्या गठ्ठ्यातच फिरायचा, तेव्हा बाटलीचं कोडं कोणाला कधी अडलं नाही. अडला तो आमच्यातला एकच जण, ज्याच्या काकांनी परदेशातून ओरिजनल आणलेली आणि पुस्तिका पहिल्याच पावसात ओल लागून चिकटून बसली.

कंपन्यांनाही हे कुलूप कधीकधी स्वतःलाच उघडता यायचं नाही. २००८ मध्ये युबिसॉफ्टच्या रेनबो सिक्स व्हेगास २ चा एक पॅच आला आणि ज्यांनी गेम पैसे देऊन डाउनलोड केलेली त्यांच्याकडे ती डिस्क मागायला लागली, आता डाउनलोडवाल्याकडे डिस्क येणार कुठून! मग कंपनीने दुरुस्तीची फाईल दिली, लोकांनी ती उघडून बघितली तर आत रीलोडेड या क्रॅकवाल्यांच्या टोळीचं नाव. २०१० मध्ये मॅक्स पेन २ च्या, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या कॉपीत अशीच दुसऱ्या टोळीची खूण सापडली. ज्यांना चोर म्हणायचं त्यांचंच काम उचलून गिऱ्हाईकाला विकायचं, याला काय म्हणावं मला सुचत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, क्रॅक टाकू का. मी वकील नाही, पण कायदा वाचलाय तो सांगतो. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात कलम ५२ नुसार कायदेशीर प्रत असलेल्याला खराब होण्याची भीती म्हणून बॅकअप कॉपी करून ठेवता येते. २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ६५अ कुलूप तोडण्याला गुन्हा म्हणतं, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ती हक्क मारायच्या हेतूने तोडलं तर, आणि कायद्याने स्पष्ट मनाई नाही अशा कामासाठी तोडलं तर सूट आहे. स्वतःची विकत घेतलेली गेम स्वतःच्या मशीनवर चालवणाऱ्याला पोलीस उचलून नेतील असं मला वाटत नाही. माझी भीती पोलिसांची नाहीच मुळी, क्रॅकसोबत आणखी काय येतं त्याची आहे, ते खालच्या पत्रात वाचा. म्हणून तुम्ही आधी ती गेम गॉग नाहीतर स्टीमवर आहे का बघा. गॉग २००८ पासून जुन्या गेम नव्या विंडोजवर चालतील अशा करून कुलपाशिवाय विकतंय आणि सेलमध्ये त्या चहा-भज्यांच्या भावात मिळतात. तिथे नसेल आणि एक्सपीचा जुना डबा अजून घरात असेल तर नेटची वायर काढून त्यावर खेळा. आणि भावाची कॉपी? ती कायद्यात तेव्हाही बसत नव्हती आणि आजही बसत नाही, चालते म्हणून पवित्र झाली असं नाही.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. साडेतीन हजारांची गेम मागत होता, नाही म्हटलं. मग मित्राकडून पेनड्राईव्हवर फुकट आणली. तेव्हापासून लॅपटॉपचा पंखा रात्रंदिवस भणभणतो, काही चालू नसलं तरी. मुलगा म्हणतो गेम हेवी आहे म्हणून. खरं का?
एक आई, फोंडा

उत्तर : ताई, गेम बंद असताना पंखा भणभणत असेल तर गेम हेवी आहे हे कारण चालणार नाही, त्याला एक प्रश्न विचारा, इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं होतं का? हो म्हणाला तर समजा बहुतेक घरात पाहुणा शिरलाय. २०२१ मध्ये अव्हास्ट कंपनीने क्रॅकोनॉश नावाचा असाच एक प्रकार उघडकीला आणला, जीटीए ५ सारख्या गेमच्या क्रॅक कॉपीतून पसरलेला. तो कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू करायचा, तिथे अँटिव्हायरस झोपलेला असतो, मग त्याला उडवायचा आणि तुमच्या विजेवर गुपचूप मोनेरो नावाचं आभासी चलन काढत बसायचा. जगभरात २ लाख २२ हजार मशीन सापडल्या आणि मालकाने २० लाख डॉलरच्या वर कमावले होते. गेम फुकट पडली आणि लाईटबिल तुम्ही भरताय असा हिशोब.

काय करायचं ते नीट ऐका. पहिलं नेट बंद. फोटो, अभ्यासाच्या फाईली एका बाहेरच्या डिस्कवर घ्या पण त्यात कुठलाही प्रोग्राम किंवा सेटअप घेऊ नका. मग विंडोज नव्याने टाका, नुसती गेम अनइन्स्टॉल करून हे जात नाही. त्या लॅपटॉपवरून बँकेचं काही केलं असेल तर पासवर्ड फोनवरून बदला आणि आजच बदला. तो पेनड्राईव्ह मित्राला परत देण्याआधी मित्राच्या आईलाही एक फोन करा.

मुलाला ओरडू नका फार. साडेतीन हजार ही गोव्यातल्या घरालाही लहान रक्कम नाही आणि आपल्या पिढीत कोणी ओरिजनल खेळलंय छातीवर हात ठेवून सांगावं, मी तरी सांगणार नाही. पण आता वाटा आहेत. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत भाव असतात, वर्ष-दोन वर्षं जुनी गेम सेलमध्ये निम्म्याच्या खाली येते, आणि घेतल्यापासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळली असेल तर पैसे परत मागता येतात. एपिकच्या दुकानात २०१८ च्या डिसेंबरपासून ठरलेल्या दिवसांनी एखादी गेम फुकट मिळते, कायदेशीर फुकट. दहावी संपल्यावर त्याला त्यातली निवडू दे.

प्रश्न : आम्ही फर्मागुडीला इंजिनियरिंगचे चौघे मित्र मिळून एक छोटी गेम बनवतोय, खाणीतल्या ट्रकची. चोरी होऊ नये म्हणून कुठलं प्रोटेक्शन टाकावं?
चार वाचक

उत्तर : कुठलंच नको. मोठ्या कंपन्या २०१४ पासून डेनुव्हो नावाचं प्रोटेक्शन वापरतात, पहिल्या काही आठवड्यांची विक्री वाचवायला, ते तुमच्या खिशाचं काम नाही. लहानांनी केलेला भारी प्रयोग म्हणजे २०१३ ची ‘गेम डेव्ह टायकून’, खेळणाऱ्याने गेम बनवणारी कंपनी चालवायची अशी गेम. बनवणाऱ्यांनी स्वतःच एक ‘क्रॅक’ कॉपी टोरंटवर सोडली, त्यात तुमची गेम कंपनी कितीही चांगली चालली तरी शेवटी पायरसीने दिवाळं निघतं. पहिल्या दिवशी ३,१०४ जण ही कॉपी खेळले आणि विकत घेऊन खेळणारे होते २१४. फुकट्यांतले काही जण वर तक्रार करत होते की लोक आमच्या गेम चोरतात, काय करावं! मी तर हसून लोळलो. पण बनवणाऱ्यांच्या हातात त्या दिवशी गिऱ्हाईकं २१४ च होती हेही विसरू नका.

गमतीशीर सापळे लावायचा मोह होईल, त्याला जरा जपून. २००६ मध्ये टायटन क्वेस्टच्या चोरीच्या कॉप्या प्रोटेक्शनमुळे मध्येच बंद पडायच्या, खेळणाऱ्यांना कारण कळायचं नाही, ते सगळीकडे सांगत सुटले की गेमच बग्जने भरलीय. चोराने बोंब मारली आणि बदनाम झाली खरी गेम. तुम्ही भाव कमी ठेवा, डेमो द्या, दर महिन्याला एखादा नवा रस्ता नाहीतर ट्रक द्या म्हणजे विकत घेणाऱ्याकडे चोरापेक्षा जास्त काहीतरी असेल. आणि ट्रकला ‘हॉर्न ओके’ लिहायला विसरू नका रे.

प्रश्न : पैसे देऊन घेतलेली गेम कंपनीने सर्व्हर बंद केला म्हणून चालायची थांबली. पैसे परत मिळतील?
एक वाचक, मडगाव

उत्तर : बहुतेक नाही. तुम्ही गेम घेतलेली नसते, खेळायची परवानगी घेतलेली असते, फक्त बटणावर ‘खरेदी’ लिहिलेलं असतं. युबिसॉफ्टची ‘द क्रू’ ही गेम ३१ मार्च २०२४ ला अशीच बंद झाली, एकट्याने खेळणारेही बाहेर. त्यावरून इतका आरडाओरडा झाला की लोकांनी मोहीमच काढली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानाने हे परवानगीचं प्रकरण आधीच स्पष्ट सांगायचा कायदा आलाय. यापुढे घेताना एकच बघा, वायफाय बंद करून चालते का. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ गडगडलं की नेट जातं, तेव्हा ही परीक्षा आपोआप होतेच.

प्रश्न : जुन्या सीड्यांवर पांढरी बुरशी आलीय. पुसून चालेल?
एक वाचक, पेडणे

उत्तर : चालेल. मऊ सुती कापड, साधं पाणी आणि साबणाचा एक थेंब, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. सावलीत वाळवा आणि वाळल्यावर लगेच बॅकअप घ्या. प्रोटेक्शनवाली असेल तर कॉपी करताना मध्येच एरर येईल, ती बुरशी नव्हे, ते कुलूप. पुन्हा घासत बसू नका.