पेनड्राइव्ह लावला की कोड सुरू, पण आत भरायचं काय?

प्रश्न: मी अगदी नवशिक्यांना एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट शिकवते. प्रत्येकाचा लॅपटॉप वेगळा, कुणाकडे ॲडमिन पासवर्ड नाही, कुणाचं नोड इन्स्टॉल होतानाच लाल एरर, आणि सुरुवातीचे क्लास इन्स्टॉलेशनमध्येच संपतात. म्हणून लिनक्सचा बूटेबल पेनड्राइव्ह बनवायचाय, सगळं आधीच टाकून ठेवलेलं. माझी लिस्ट: व्हीएस कोड, नोड, पीएचपी, अपाचे, मारियाडीबी, डॉकर, अँड्रॉइड स्टुडिओ. १६ जीबी पुरेल का?

उत्तर: आयडिया झकास आहे, लिस्ट मात्र अर्ध्याहून जास्त कापा. नवशिक्याला पहिल्या महिन्यात एक एडिटर, एक ब्राउझर, एक लोकल सर्व्हर आणि गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं), बास. अपाचे कशाला, पीएचपीमध्येच ५.४ पासून म्हणजे २०१२ पासून छोटा सर्व्हर आहे, एका कमांडवर सुरू होतो, आणि नुसती एचटीएमएल पानं दाखवायला पायथनचा सर्व्हरही चालतो. मारियाडीबीऐवजी एसक्यूलाइट ठेवा, आख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल, ना सर्व्हिस चालू करायची ना पासवर्ड विसरायचा. अँड्रॉइड स्टुडिओचा तर इथे संबंधच नाही. आणि डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) लाइव्ह सिस्टीमवर, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवर, नीट बसतच नाही, का ते पुढे येतंच.

लाइव्ह लिनक्समध्ये मूळ सिस्टीम स्क्वॅशएफएस नावाच्या कॉम्प्रेस केलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते आणि तुम्ही जे काही बदलता ते ओव्हरलेएफएस वरच्या थरात ठेवतं, म्हणजे छापील पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून लिहिल्यासारखं. हा वरचा थर काही सांगितलं नाही तर रॅममध्ये असतो, बंद केलं की गेला. डॉकरलाही स्वतःचे थर ओव्हरलेवरच रचायचे असतात आणि ओव्हरलेवर ओव्हरले चालत नाही, मग तो दुसऱ्या पद्धतीवर जातो जी जागाही खाते आणि रडतखडत चालते.

बदल टिकवायचे तर पर्सिस्टन्स लागतो. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात त्यासाठी पेनड्राइव्हवर वेगळं ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल साठवायची पद्धत) पार्टिशन करायचं, त्याला ठरलेलं लेबल द्यायचं आणि आत एका ओळीची कॉन्फिग फाइल ठेवायची. त्या ओळीत काय लिहिता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बहुतेक गाइडमध्ये आख्खी सिस्टीम टिकवायला सांगतात, मला ते अजिबात पटत नाही, फक्त होम फोल्डर टिकवा. कारण आख्खी टिकवली की कोणीतरी उत्साहात सगळं अपग्रेड करणार, पार्टिशन भरणार, आणि गंमत म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) तरीही जुनाच बूट होणार कारण तो मूळ इमेजमधून, म्हणजे पेनड्राइव्हवर लिहिलेल्या आख्ख्या सिस्टीमच्या फाइलमधून येतो. होमच टिकवलं तर कुणी काहीही उद्योग केले तरी रीस्टार्टला सिस्टीम जशीच्या तशी, आणि पोरांचं काम मात्र जागेवर.

बनवायचं कसं, तर एकदाच करून बघायचं असेल तर उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या इमेजवर क्युबिक हे टूल वापरा, ते इमेज उघडून आत टर्मिनल देतं, हवं ते टाका, नको ते काढा. (उबंटूत पर्सिस्टन्सचं लेबल वेगळं असतं हे लक्षात ठेवा.) पण दर बॅचला हेच करायचं असेल तर डेबियनचं लाइव्ह-बिल्ड हे टूल शिका, त्यात पॅकेजची नावं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात, पुढच्या वेळी एखादी ओळ बदलायची आणि परत बिल्ड. फक्त नॉन-फ्री फर्मवेअर (वायफायसारख्या भागांना लागणारं कंपन्यांचं बंद सॉफ्टवेअर) चालू करायला विसरू नका, नाहीतर निम्म्या लॅपटॉपवर वायफाय दिसणार नाही. डेबियन १२ पासून अधिकृत इमेजमध्ये ते आलेलं असतं, पण तुमच्या स्वतःच्या बिल्डमध्ये तुम्हालाच सांगावं लागतं.

आणि एक चालणारा नमुना प्रोजेक्ट इटीसीतल्या स्केल फोल्डरमध्ये (/etc/skel) ठेवा, नवीन युजरचं होम त्यावरूनच तयार होतं, म्हणजे बूट झाल्या झाल्या प्रत्येकाच्या समोर तेच फोल्डर. एक एचटीएमएल फाइल, एक सीएसएस, रंग बदलून सेव्ह केला आणि रिफ्रेश मारलं की पान बदललेलं दिसलं पाहिजे, पहिल्या क्लासला एवढंच.

१६ जीबी पुरतं, पण यूएसबी ३.० घ्या. पाकिटावरचा स्पीड मोठ्या फाइलचा असतो, आणि एनपीएम इन्स्टॉल (नोडची पॅकेजं उतरवणं) म्हणजे हजारो बारीक फाइल, तिथे स्वस्त पेनड्राइव्हला घाम फुटतो. म्हणून सुरुवातीला एनपीएम नकोच. डेस्कटॉप एक्सएफसीई ठेवा, ४ जीबी रॅमवर निवांत चालतो.

सिक्युअर बूट (साइन न केलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारी लॅपटॉपमधली सोय) सहसा बंद करावं लागत नाही, उबंटूचा आणि डेबियन १० पासूनचा बूटलोडर साइन केलेला असतो, लाइव्ह-बिल्डमध्ये तो साइन केलेलाच घेतलाय ना एवढं बघून घ्या. तरी कुणाचं बंद करायची वेळ आलीच तर आधी विचारा बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू आहे का, कारण मग विंडोज रिकव्हरी की मागू शकतं आणि ती कुठे ठेवलीय हे बहुतेकांना माहीतच नसतं. एम१ किंवा त्यानंतरच्या मॅकवर ही इमेज बूट होणार नाही, त्यांना वेगळं बसवा.

प्रश्न: एवढा खटाटोप कशाला, ब्राउझरमधले ऑनलाइन एडिटर आहेत ना? नाहीतर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स?

उत्तर: नेट पक्कं असेल तर ऑनलाइननेच सुरू करा, वाद नाही. पण फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, पाथ चुकला की चित्र का दिसत नाही, लोकलहोस्ट म्हणजे कोण, हे तिथे कळत नाही आणि पुढे सगळे नेमके तिथेच अडकतात. व्हर्च्युअल मशीनला ८ जीबी रॅम तरी हवी, आणि व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर बायोसमध्ये जावंच लागतं, मग सुटका कुठे झाली?

प्रश्न: क्लासमध्ये मिळालेल्या पेनड्राइव्हवर काल लिहिलेलं सगळं आज गायब. शिवाय विंडोजमध्ये लावला की फॉरमॅट करा म्हणतं. खराब झालाय का?

उत्तर: फॉरमॅटला हात लावू नका! कॅन्सल दाबा. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही म्हणून ते तसं विचारतं, पेनड्राइव्ह ठणठणीत असणार. गायब होण्याची दोनच कारणं जास्त करून दिसतात. एक, बूट मेनूत पर्सिस्टन्स नसलेली ओळ निवडली गेली, परत बूट करून दुसरी निवडा, फाइल बहुतेक तिथेच सापडतील (आणि बाई, म्हणजे ज्यांनी बनवलाय त्यांनी, ती ओळ मेनूत पहिली ठेवावी). दुसरं, शटडाउन पूर्ण व्हायच्या आत खेचून काढला. लिहायचं काम मागे चालूच असतं, एडिटरने सेव्ह म्हटलं तरी पेनड्राइव्हवर पोचलेलं नसू शकतं. तसं झालं असेल तर दुसऱ्या लिनक्सवर लावून, पार्टिशन माउंट न करता एफएससीके (fsck, डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा, बऱ्याचदा सावरतं. आणि रोज जागेवरून उठायच्या आधी गिट पुश करत (काम ऑनलाइन पाठवत) जा, पेनड्राइव्ह हरवतातही.

नंतर विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ काही तास मागेपुढे झालेलं दिसलं तर घाबरू नका, लिनक्स मशीनची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं आणि विंडोज स्थानिक. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन सिंक दाबलं की जागेवर येतं.